बंद न होणारा लिनक्स संगणक आणि एक नेटकी दुरुस्ती सेवा

आमच्या वाचनालयातील नोंदणीच्या संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. शटडाउन दिल्यावर पडदा काळा होई, पण आतला पंखा फिरत राही आणि पुढचा दिवा विझत नसे. मग कोणीतरी बटण दाबून धरून तो बंद करी. आधी बोलावलेल्या तंत्रज्ञांनी पॉवर सप्लाय बदलण्याचा सल्ला दिला होता. गावातल्या दुसऱ्या दुरुस्ती केंद्राने हेच काम ज्या पद्धतीने केले, ती लिनक्स वापरणाऱ्या इतर संस्थांनाही कळावी, म्हणून हा अभिप्राय.

या केंद्राच्या तंत्रज्ञांनी कॅबिनेट उघडलेच नाही. संगणक सुरू होताना ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीतून ‘क्वाएट’ हा संदेश लपवणारा शब्द काढून त्यांनी तो पुन्हा बंद करून पाहिला, तेव्हा एरवी दडलेले संदेश पडद्यावर दिसू लागले. एखादी सेवा, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम, अडली असती, तर ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ अशी ओळ आली असती आणि सेवा सुरू-बंद करणारे सिस्टमडी तिच्यासाठी सहसा ९० सेकंद थांबले असते. ‘पॉवर डाउन’ ही ओळ येऊनही वीज तुटली नसती, तर संशय फर्मवेअरवर (मदरबोर्डमध्येच साठवलेल्या सॉफ्टवेअरवर) किंवा मदरबोर्डवर गेला असता. आमच्याकडे शेवटची ओळ निघाली ‘सिस्टम हॉल्टेड’. वीज तोडण्याचा मार्गच कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, उपलब्ध नसल्यामुळे ते नुसते थांबत होते.

कर्नलला सुरू होताना दिलेले पर्याय ‘प्रॉक’मधल्या ‘सीएमडीलाइन’ या फाइलीत दिसतात; कारण तिथेच सापडले: ‘एसीपीआय=ऑफ’. डेबियन बसवताना पडदा गोठत होता, म्हणून कोणीतरी हा पर्याय घालून वेळ मारून नेली होती. एटीएक्स पॉवर सप्लाय मदरबोर्डकडून इशारा मिळाल्यावरच बंद होतो आणि तो इशारा कसा द्यायचा, हे कर्नलला एसीपीआयच्या, म्हणजे वीज आणि हार्डवेअर हाताळण्याच्या मानकाच्या, तक्त्यांतून कळते. तेच बंद केल्यावर दुसरे काय होणार? प्रोसेसरची माहिती दाखवणारी ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा चालवून त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला अधिक गंभीर वाटते. त्याच पर्यायामुळे चार कोअरच्या प्रोसेसरचा एकच कोअर वापरात होता. संगणक संथ का चालतो, याचे उत्तर अशा रीतीने आपोआप मिळाले.

बायॉस, म्हणजे मदरबोर्डचे फर्मवेअर, अद्ययावत केल्यावर गोठण्याची मूळ तक्रार मिटली. त्यानंतर त्यांनी ‘एटसी डिफॉल्ट ग्रब’ या ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीतून तो पर्याय काढला आणि बदल लागू करण्यासाठी ‘अपडेट-ग्रब’ चालवले. आता वीज तत्काळ तुटते आणि चारही कोअर दिसतात.

एकही सुटा भाग न बदलता त्यांनी केवळ तपासणी शुल्क घेतले, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. उणीव एकच: कोणती ओळ कोणत्या फाइलीतून काढली, हे पावतीवर लिहिले नव्हते. विचारल्यावर त्यांनी ते लगेच लिहून दिले, पण सार्वजनिक संस्थेत संगणक हाताळणारी माणसे बदलत राहतात, त्यामुळे अशी नोंद न मागताच मिळायला हवी.