गोल्फचे स्कोअर आणि खरा हँडिकॅप: जीएचआयएन अ‍ॅपचा एका हंगामाचा अनुभव

न्यू जर्सीत गोल्फचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या मध्याला संपतो. या हंगामात खेळलेली प्रत्येक ग्राह्य फेरी मी जीएचआयएन या अधिकृत अ‍ॅपवर नोंदवली. हे अ‍ॅप युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनचे असून त्या संस्थेचे मुख्यालय आमच्याच राज्यात, लिबर्टी कॉर्नर येथे आहे. अ‍ॅप फोनवर उतरवून घेणे सोपे असले तरी अधिकृत हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची कुवत सांगणारा, कमी तितका चांगला असा आकडा; त्यावरून सामन्यात किती फटक्यांची सवलत मिळते ते ठरते) मिळण्यासाठी कोणत्या तरी मान्यताप्राप्त क्लबचे सभासद असावे लागते. मात्र त्या क्लबचे स्वतःचे मैदान असलेच पाहिजे असे नाही. माझ्यासारख्या, काउंटीच्या सार्वजनिक कोर्सवर पैसे भरून खेळणाऱ्या व्यक्तीलाही राज्य संघटनेशी संलग्न अशा क्लबाची वार्षिक वर्गणी भरून जीएचआयएन क्रमांक मिळतो. ही वर्गणी एका शनिवार सकाळच्या ग्रीन फीच्या (मैदानावर खेळण्याच्या शुल्काच्या) आसपास येते आणि माझ्या मते ती वसूल होते.

त्याआधी मी एक दुसरे, अंतर दाखवणारे अ‍ॅप वापरत होते. तेही शेवटी एक आकडा देई आणि त्याला हँडिकॅपच म्हणे. तो आकडा म्हणजे माझ्या स्कोअरमधून पार (ठरवून दिलेले प्रमाण फटके) वजा करून काढलेली सरासरी होती. मैदान सपाट आणि मोकळे आहे की झाडी, पाणी आणि वाळूने भरलेले आहे, याचा त्यात विचारच नव्हता. सोप्या मैदानावर सलग दोन आठवडे खेळले की मी अचानक उत्तम खेळाडू होत असे आणि मित्रमंडळींबरोबर सामना लागला की प्रत्येक वेळी खिसा हलका होत असे.

अधिकृत पद्धतीत प्रत्येक टीसाठी (होलची सुरुवात जेथून करायची त्या जागेसाठी) कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग असे दोन आकडे ठरवलेले असतात, आणि एकाच टीसाठी पुरुष व स्त्रिया यांचे आकडे वेगळे असतात. कोर्स रेटिंग म्हणजे अव्वल, शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला तेथे साधारण किती फटके लागतील याचा अंदाज. स्लोप रेटिंग ५५ ते १५५ या मर्यादेत असते आणि सामान्य खेळाडूला ते मैदान किती अधिक जड जाईल हे सांगते. प्रमाण मानलेला आकडा ११३ आहे. समायोजित स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करायचे, ११३ ला स्लोपने भागून आलेल्या संख्येने त्याला गुणायचे, की त्या फेरीचा डिफरेन्शियल मिळतो. अ‍ॅप हे सारे स्वतः करते, पण मी पहिल्या महिन्यात मुद्दाम कागदावरही करून पाहिले आणि दशांशापर्यंत आकडे जुळले.

‘समायोजित’ या शब्दातच सगळी मेख आहे. अ‍ॅपमध्ये फेरीचा एकूण आकडा टाकण्याची सोय आहे आणि प्रत्येक होलचा स्कोअर वेगळा टाकण्याचीही आहे. आमच्या ओळखीतील बहुतेक जण गाडीत बसल्यावर एकूण आकडा टाकून मोकळे होतात. नियम मात्र असा आहे की, कोणत्याही होलवर हँडिकॅपसाठी नेट डबल बोगीपेक्षा जास्त फटके धरले जात नाहीत. म्हणजे पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे फटके. माझ्या एका फेरीचे उदाहरण देते. माझा इंडेक्स तेव्हा २१.४ होता, टीचे रेटिंग ७०.२, स्लोप १२६ आणि पार ७१. त्यावरून कोर्स हँडिकॅप, म्हणजे त्या मैदानावर मिळणारी फटक्यांची सवलत, २३ आला. म्हणजे सर्वांत कठीण ठरवलेल्या पाच होलवर मला दोन-दोन आणि उरलेल्या होलवर एकेक फटका मिळत होता. स्ट्रोक इंडेक्स (होलच्या कठीणपणाचा क्रम) नऊ असलेल्या पार चारच्या होलवर मी दोन चेंडू पाण्यात घालून एकूण १० फटके मारले. अ‍ॅपने तेथे ७ धरले. स्ट्रोक इंडेक्स सतरा असलेल्या पार तीनच्या होलवर वाळूतून बाहेर पडताना ७ झाले, तेथे ६ धरले. कार्डावर १०१ होते, हँडिकॅपसाठी ९७ ठरले. डिफरेन्शियल २४.० आला, थेट १०१ टाकला असता तर तो २७.६ आला असता. एका फेरीत साडेतीन फटक्यांहून जास्त फरक हा किरकोळ म्हणता येणार नाही, आणि तो नेमका अशा खेळाडूंच्या बाबतीत पडतो ज्यांचे एखाद-दुसरे होल पुरते बिघडते आणि बाकीचे बरे जातात. मध्यम हँडिकॅपचे आपण बहुतेक सगळे याच जातीचे.

म्हणून माझा स्पष्ट आग्रह आहे की होलवार नोंद करावी आणि ती शक्यतो तिथल्या तिथे, पुढच्या टीकडे चालत जाताना करावी. त्यासाठी फार वेळ लागत नाही. पट (ग्रीनवरचे हलके फटके), फेअरवे (होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) आणि ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) यांची आकडेवारीही हवी असल्यास टाकता येते. मी ती सुरुवातीला हौसेने टाकली, नंतर फक्त पट लिहू लागले, कारण प्रत्येक होलवर चार-चार खुणा करत बसले की मागच्या गटाच्या नजरा पाठीवर जाणवू लागतात.

होलवार नोंद करताना एक अडचण हमखास येते, ती सोडून दिलेल्या पटची. आमच्या गटात एक ज्येष्ठ नागपूरकर काका आहेत. चेंडू होलपासून पाच-सहा फुटांवर असला तरी ते मोठ्या मनाने म्हणतात, “अहो, उचला तो, गेलाच समजा.” मैत्रीत ते ठीक आहे. पण नोंदीत त्याला नियम आहे आणि तो अनेकांना माहीत नसतो. होल पूर्ण न करता चेंडू उचलला तर तोपर्यंतचे फटके आणि होल संपवायला सर्वाधिक शक्यतेने लागले असते तितके फटके, अशी बेरीज धरायची. चेंडू होलपासून पाच फुटांच्या आत असेल तर एक फटका मिळवायचा. पाच फुटांपासून वीस यार्डांपर्यंत असेल तर जागा आणि आपली कुवत पाहून दोन किंवा तीन. वीस यार्डांपलीकडे असेल तर तीन किंवा चार. म्हणजे सहा फुटांवरून उचललेल्या चेंडूला एक नव्हे तर किमान दोन फटके धरायला हवेत. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी पट देणे थांबवले नाही, पण माझ्या कार्डावर कोणता आकडा जातो याकडे ते आता कान देऊन असतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना इंडेक्स लवकर मिळतो. एकूण ५४ होल, म्हणजे अठरा होलच्या तीन फेऱ्या, नोंदवल्या की पुरे. त्या वेळी सर्वांत चांगल्या डिफरेन्शियलमधून आणखी २.० वजा केले जातात, त्यामुळे पहिला आकडा बहुतेकांना स्वतःविषयी जरा जास्तच आशावादी वाटतो. पुढे फेऱ्या वाढत जातात तसे हिशेबात धरलेल्या फेऱ्यांचे प्रमाण बदलते आणि वीस फेऱ्या झाल्यावर ताज्या वीसपैकी उत्तम आठांची सरासरी हाच इंडेक्स होतो. २०२० मध्ये जागतिक हँडिकॅप पद्धत येण्यापूर्वी अमेरिकेत वीसपैकी दहा फेऱ्या धरत आणि त्या सरासरीला ०.९६ ने गुणत. कमाल मर्यादाही तेव्हा पुरुषांना ३६.४ आणि स्त्रियांना ४०.४ अशी वेगळी होती. आता ती सर्वांना ५४.० आहे.

उत्तम आठांची सरासरी असल्यामुळे हा आकडा आपण चांगल्या दिवशी काय करू शकतो ते सांगतो; बहुतेक दिवशी स्कोअर त्याहून जास्तच येणार. हे एकदा मनात पक्के बसले की नोंद प्रामाणिकपणे करणे सोपे जाते, कारण वाईट फेरी लिहिल्याने सहसा काहीच बिघडत नाही. तरीही ऑगस्टमध्ये माझा इंडेक्स अशा फेरीनंतर वाढला जी मुळीच वाईट नव्हती. अ‍ॅपमध्ये फेऱ्यांची यादी उघडल्यावर कारण लगेच दिसले: हिशेबात धरलेल्या फेऱ्यांवर खूण असते, आणि वसंतातील माझी सर्वांत चांगली फेरी एकविसावी होऊन यादीतून बाहेर पडली होती. नवी फेरी तिची जागा घेण्याइतकी चांगली नव्हती, इतकेच. अशी वाढ हाताबाहेर जाऊ नये म्हणून गेल्या ३६५ दिवसांतील सर्वांत कमी इंडेक्स लक्षात ठेवला जातो, त्याच्यापेक्षा ३.० हून अधिक वाढ झाली की पुढची वाढ निम्मी धरली जाते आणि ५.० च्या पुढे ती थांबतेच.

स्कोअर त्याच दिवशी, मध्यरात्रीपूर्वी नोंदवण्यालाही अर्थ आहे. त्या दिवशी त्या मैदानावर किमान आठ ग्राह्य स्कोअर आले असतील तर वारा, पाऊस, कठीण जागी लावलेले झेंडे यांमुळे खेळ नेहमीपेक्षा जड गेला की हलका, याचा हिशेब होतो आणि सर्वांच्या डिफरेन्शियलमध्ये उणे एकपासून अधिक तीनपर्यंत दुरुस्ती लावली जाते. उशिरा नोंदवणाऱ्यालाही त्या दिवसाची दुरुस्ती लागते, पण ती ठरवण्यात त्याचा स्कोअर धरला गेलेला नसतो. गटातील सर्वांनी रविवारी रात्री नोंद करायची असे आम्ही आता ठरवले आहे.

कामानंतर खेळलेल्या नऊ होलच्या फेऱ्यांचे काय होते, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. पूर्वी अशी फेरी दुसऱ्या नऊ होलच्या फेरीची वाट पाहत पडून राही. २०२४ च्या बदलानंतर उरलेल्या नऊ होलसाठी तुमच्या इंडेक्सवरून अपेक्षित आकडा काढून तो जोडला जातो आणि फेरी लगेच हिशेबात येते. सोय मोठी आहे, परंतु अठरा होलच्या गणितासारखे हे मला कागदावर पडताळून पाहता येत नाही, आणि सगळे आकडे उघड असलेल्या या पद्धतीत तेवढा एक कोपरा झाकलेला राहतो.

सगळ्याच फेऱ्या ग्राह्य नसतात. एकटीने खेळलेली फेरी चालत नाही. सोबत किमान एक व्यक्ती हवी. देणगी गोळा करण्यासाठी भरवल्या जाणाऱ्या स्पर्धा बहुधा स्क्रँबल पद्धतीच्या (संघातील सर्वांत चांगल्या फटक्यावरून सगळ्यांनी पुढे खेळायचे) असतात, त्यातील स्कोअरही नोंदवायचे नसतात. याउलट मॅच प्ले, म्हणजे होलागणिक हार-जीत मोजणारा सामना, खेळताना आलेला स्कोअर नोंदवायचा असतो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. सोबतचे खेळाडू एकमेकांच्या नोंदी पाहू शकतात, आणि माझ्या मते अ‍ॅपचा सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. बक्षिसावर डोळा ठेवून हँडिकॅप फुगवणारे आणि शेखी मिरवण्यासाठी तो घटवणारे, दोन्ही प्रकारचे लोक प्रत्येक क्लबात असतात. ज्याच्या यादीत पावसातल्या फेऱ्या तेवढ्याच दिसतात, त्याच्याशी फटके घेऊन-देऊन खेळण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करतो.

नोव्हेंबरच्या मध्यानंतर न्यू जर्सीतील मैदानावरचे स्कोअर हँडिकॅपसाठी घेतले जात नाहीत, मग ऊन कितीही छान पडलेले असो. पण डिसेंबरमध्ये पुण्याला गेल्यावर येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर खेळले, तर तो स्कोअर नोंदवावा लागतो, कारण बंदीचा काळ जेथे आपण खेळतो त्या प्रदेशाचा मोजायचा असतो, घरचा नव्हे. आणि भारतातही हीच जागतिक पद्धत लागू आहे. ज्यांना हिवाळ्यात गावी जाऊन खेळायचे आहे त्यांनी फेरी संपल्यावर कार्ड कॅडीकडे न देता जवळ ठेवावे, आणि आपण खेळलेल्या टीचे कोर्स रेटिंग व स्लोप त्यावर छापलेले नसतील तर क्लबच्या कार्यालयातून लिहून घ्यावेत. हे दोन आकडे हाताशी असले की नोंद अमेरिकेत परत येईपर्यंत लांबवावी लागत नाही.