७०० तास राबलो, लॉगमध्ये शून्य

अमेरिकेत घरांचं अप्रेझल, म्हणजे बँकेच्या कर्जासाठी वगैरे घराची किंमत ठरवायचं काम, करायचं तर आधी ट्रेनी व्हावं लागतं. मी २०२२ मध्ये सुरुवात केली तेव्हा त्यासाठी ७५ तासांचे वर्ग होते, त्यातले १५ युस्पॅपचे, म्हणजे या धंद्याच्या नियमांचे. ते घरबसल्या उरकले. घोडं अडतं ते पुढे. लायसन्स्ड रेसिडेन्शियल या परवान्यासाठी किमान १,००० तासांचा अनुभव लागतो, तोही सहसा सुपरव्हायझरच्या हाताखाली. आणि सुपरव्हायझर मिळता मिळत नाही. उद्याचा स्पर्धक आज कोण शिकवून तयार करेल?

त्यामुळे जो पहिला ‘हो’ म्हणाला, त्याला मी ३,००० डॉलर मोजले. ट्रेनिंग फी म्हणे. पावतीसुद्धा मागितली नाही.

आठ महिने घरं मोजली, फोटो काढले, कॉम्प्स (तुलनेसाठी जवळपास विकली गेलेली तशीच घरं) शोधले, रिपोर्ट लिहिले. सही त्याची. माझ्या कामाचा रिपोर्टमध्ये उल्लेख करा म्हटलं, की बँका ट्रेनीचं नाव दिसलं तर कुरकुर करतात, असं सांगायचा. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच मी गप्प बसलो. तासांची नोंद ठेवायच्या लॉगवरच्या सह्या ‘शेवटी एकदम करू’. आम्ही पाच जण त्याच्याकडे राबत होतो. नियमाने एका सुपरव्हायझरकडे तीनच ट्रेनी असू शकतात, हे वर्गात शिकलो होतो की! पण मला वाटलं, माणसाकडे काम फार आहे.

७०० तास भरल्यावर लॉग पुढे केला, तर सहीचे आणखी २,००० डॉलर मागितले. तेव्हा कुठे परवाने देणाऱ्या राज्याच्या बोर्डाला फोन केला. त्यांच्या नोंदीत मी त्याचा ट्रेनी नव्हतोच. रिपोर्टमध्ये माझा उल्लेख नाही, लॉगवर सही नाही, मग तास कसले?

अप्रेझरांची नॅशनल रजिस्ट्री इंटरनेटवर फुकट बघता येते. परवाना कुठल्या प्रकारचा, चालू आहे की नाही, सगळं दिसतं. सुपरव्हायझर सर्टिफाइड, म्हणजे लायसन्स्डच्या वरच्या परवान्याचा हवा आणि त्याला किमान तीन वर्षं झालेली हवीत. नुसता लायसन्स्ड चालत नाही. पैसे द्यायच्या आधी बोर्डाला विचारा, की माझी नोंद याच्याकडे झाली का. पाच मिनिटांचं काम, मी आठ महिन्यांनी केलं.

तक्रार दिली आहे. बोर्ड त्याच्या परवान्याचं बघेल, माझ्या पैशांचं नाही. दुसरी सुपरव्हायझर मिळायला वर्ष गेलं. ती दर शुक्रवारी लॉगवर सही करते. परवापर्यंत ४१ तास झाले.