महागडा लिक्विड कूलर कोल्हापुरात कोणी घ्यावा?

नवा डेस्कटॉप असेंबल करून घ्यायला राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत गेलेल्या माणसाच्या कोटेशनमध्ये अलीकडे एक ओळ बहुधा असतेच: ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, म्हणजे प्रोसेसर द्रवाने थंड ठेवणारा संच. संगणक गेम खेळण्यासाठी असो, टॅलीवर हिशेब ठेवण्यासाठी असो किंवा खरोखरच्या जड कामासाठी असो, ती ओळ बदलत नाही. बदलते ती किंमत, जी साध्या संचासाठी साधारण ७-८ हजारांपासून सुरू होते आणि पंपाच्या डोक्यावर रंगीत पडदा असलेल्या संचासाठी २५ हजारांच्याही पुढे जाते. सहा हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या बंद नळ्या) आणि दोन पंखे असलेला चांगला एअर कूलर मात्र ४ हजारांच्या आसपास मिळतो. लग्नसमारंभाच्या व्हिडिओंचे संपादन हा माझा व्यवसाय असल्यामुळे हे दोन्ही प्रकार मी रोजच्या कामात वापरलेले आहेत. माझे स्पष्ट मत असे आहे की बहुतेक घरगुती गिऱ्हाइकांनी लिक्विड कूलर घेऊ नये, आणि ज्यांना तो खरोखर लागतो त्यांनीही पडद्यासाठी पैसे मोजू नयेत.

हा संच काम कसा करतो हे समजले की निम्मा निर्णय तिथेच होतो. प्रोसेसरवर तांब्याची एक पट्टी बसते, तिच्यातल्या केसासारख्या बारीक खाचांमधून पंप द्रव फिरवतो, तापलेला द्रव रबरी नळ्यांतून ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये जातो आणि तिथे पंखे त्याची उष्णता हवेत सोडतात. एअर कूलरच्या हीट पाइपमध्येही थोडा द्रव असतोच. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, धातूच्या पातळ पात्यांच्या बाजूला ती वाफ पुन्हा द्रव होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून परत खाली येते. एकात द्रव फिरवण्यासाठी पंप लागतो, दुसऱ्यात ते काम उष्णता स्वतःच करते. दोन्हींमध्ये उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच जाते, त्यामुळे लिक्विड कूलर बसवल्याने खोली कमी तापते हा समज चुकीचा आहे. प्रोसेसर २०० वॅट खात असेल, तर कूलर कोणताही असला तरी खोलीत २०० वॅटची उष्णता येणारच.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. कोणताही रेडिएटर द्रवाला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरात दुपारचा पारा ३७-३८ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीत त्याहूनही वर जातो. तिथे कूलर २५ हजारांचा असला तरी त्याची सुरुवात त्याच ३८ अंशांपासून होते. परदेशी चाचण्यांमधले आकडे बहुधा २१ ते २५ अंशांच्या खोलीतले असतात, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांत बारा-पंधरा अंश मिळवूनच ते वाचावेत. पावसाळ्याबद्दल विचारली जाणारी एक शंकाही इथेच मिटते. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत नळ्यांवर पाणी सुटेल आणि मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) खराब होईल, अशी भीती अनेकांना वाटते. पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा थंड असेल तरच त्यावर दव धरते, आणि या नळ्या कायम खोलीइतक्या किंवा तिच्याहून गरमच असतात. त्यामुळे ती भीती मनातून काढून टाकावी.

आता प्रोसेसरकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथेच सुटतो. गेम खेळणाऱ्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या एएमडी कंपनीच्या रायझन ७ ७८००एक्स३डीचा कागदावरचा आकडा १२० वॅट आहे, पण प्रत्यक्ष गेममध्ये तो त्याहून बराच कमी वीज घेतो. रायझन ५ ७६०० तर ६५ वॅटच्या वर्गातला आहे. या दोघांना ४ हजारांचा एअर कूलर सहज पुरतो. लिक्विड कूलरने तापमान काही अंशांनी खाली येते हे खरे, पण त्यामुळे गेममधल्या फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) वाढत नाहीत, कारण प्रोसेसर मुळात उष्णतेमुळे अडलेलाच नसतो. अशा संगणकात सर्वांत मोठी शेगडी ग्राफिक्स कार्डाची असते. आरटीएक्स ४०७० हे मधल्या वर्गातले कार्डही २०० वॅटचे आहे आणि प्रोसेसरचा कूलर त्याला हात लावत नाही. कूलरमध्ये वाचलेले १५-२० हजार त्या कार्डात घातले, तर फरक पडद्यावर दिसतो.

रायझन ७००० मालिकेबाबत आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. जड कामात यांतले बरेच प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जातील, ही त्यांची रचनाच आहे आणि एएमडीने ते उघडपणे सांगितले आहे. ज्या चिपमध्ये उष्णता निर्माण होते तिचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे असते. एवढ्याशा जागेतून, वरच्या जाड धातूच्या झाकणातून उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. विहिरीचा झरा बारीक असेल तर काठावर कितीही भारी मोटर बसवली तरी पाणी तेवढेच येते, तसे हे आहे. म्हणूनच २५ हजारांचा कूलर बसवूनही ९५ हा आकडा दिसला, तर तो कूलरचा दोष समजू नये.

लिक्विड कूलर ज्यांनी घ्यावाच, अशी मंडळीही कोल्हापुरात आहेत. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांसाठी कास्टिंगचे सिम्युलेशन करून देणाऱ्यांचे उदाहरण घ्या. वितळलेला धातू साच्यात कुठून कसा भरेल, कुठे आधी गोठेल आणि कुठे श्रिंकेज (धातू आकसल्याने होणारी पोकळी) राहील, याचे गणित करताना प्रोसेसरचे बरेचसे कोअर (आतले स्वतंत्र गणन करणारे भाग) तासन् तास पूर्ण भाराने चालतात. प्रोसेसर कोअर आय९-१४९००के असेल, तर इंटेलच्या ठरवलेल्या मर्यादेतही तो २५३ वॅटपर्यंत जातो आणि १०० अंशांना पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो. इथे चांगला ३६० मिलिमीटरचा रेडिएटर त्याला वेग टिकवू देतो, आणि रात्रभर चालणारे काम सकाळी वेळेवर हाती येते. लांबलचक व्हिडिओ प्रोसेसरवर रेंडर करणाऱ्यांनाही, म्हणजे संपादनानंतर त्यांची अंतिम फाइल तयार करणाऱ्यांनाही, हे लागू आहे. माझ्याकडे तुळशीच्या लग्नानंतर जो हंगाम सुरू होतो, त्यात रात्री रेंडर लावून झोपण्याला पर्याय नसतो, आणि अशा वेळी मोठ्या रेडिएटरवरचे तीन पंखे सावकाश फिरूनही काम भागवतात, हे मी रोज ऐकतो. म्हणजे खरे तर ऐकू येत नाही, आणि तेच मला हवे असते. मात्र रेंडर ग्राफिक्स कार्डावर होत असेल तर हा सगळा युक्तिवाद गळून पडतो, म्हणून आपले सॉफ्टवेअर कोणाकडून काम करून घेते हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये आधी पाहावे.

दुकानात दाखवल्या जाणाऱ्या चाचणीबद्दल सावध राहावे असे मला मनापासून वाटते. काउंटरवर दोन-तीन मिनिटे भार टाकून ‘बघा, ६५ च्या वर जात नाही’ असे सांगितले जाते. द्रव हळूहळू तापतो, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटे लिक्विड कूलर नेहमीच देखणा आकडा दाखवतो आणि द्रवाचे तापमान स्थिर झाल्यावर खरे चित्र समोर येते. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सिनेबेंच आर२३ या सॉफ्टवेअरची नेहमीची चाचणी १० मिनिटांची असते. ती सलग दोन-तीनदा चालवून शेवटचा आकडा पाहावा, आणि तोही कॅबिनेटचे झाकण लावून.

पैसे न घालता तापमान उतरवण्याचा एक मार्ग आहे, जो विक्रेते क्वचितच सुचवतात. रायझनमध्ये बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) कमी विजेवर चालणारा इको मोड लावता येतो आणि इंटेलमध्ये विजेची मर्यादा १२५ वॅटवर आणता येते. वीज निम्म्यावर आली म्हणून कामाचा वेग निम्मा होत नाही, कारण शेवटच्या थोड्याशा वेगासाठीच हे प्रोसेसर सर्वाधिक वीज खातात. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर वापरणाऱ्यांनी तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: संगणक मध्येच बंद पडतो, गेम कोसळतो, या तक्रारींवर अनेकांनी मोठा कूलर बसवून पाहिला. २०२४ मध्ये इंटेलने वाढीव व्होल्टेज हे कारण मान्य केले, ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा, जो बायोस अपडेटमधून येतो) उपाय दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तिथे हवा आहे बायोसचा अपडेट. कूलर कितीही महाग घेतला तरी तो दोष जात नाही.

जे घेतील त्यांनी किमतीच्या शिडीवर कुठे थांबावे? माझ्या मते ८ ते १२ हजारांच्या दरम्यान. तांब्याची पट्टी, पंप, रेडिएटर आणि पंखे हे थंड करणारे घटक या किमतीत उत्तम मिळतात. त्यापुढचे पैसे पडदा, दिव्यांची रोषणाई आणि ती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी जातात. आर्क्टिक या कंपनीच्या लिक्विड फ्रीझर ३ मालिकेत पडदा नाही, पण रेडिएटर ३८ मिलिमीटर जाडीचा आहे, म्हणजे नेहमीच्या २७ मिलिमीटरपेक्षा बराच जाड. पैसा कुठे घालावा याचे ते चांगले उदाहरण आहे. फक्त एवढा जाड रेडिएटर आपल्या कॅबिनेटच्या छताखाली मावतो का, हे फुटपट्टीने मोजूनच मागवावा.

आयुष्याच्या बाबतीत एअर कूलर निर्विवादपणे पुढे आहे. त्यात बिघडण्यासारखा भाग पंखा, आणि तो हजाराच्या आत बदलून मिळतो. लिक्विड कूलरमध्ये पंप थांबला तर सगळा संच निकामी होतो, आणि नळ्यांच्या भिंतींतून द्रव वर्षानुवर्षे अगदी थोडा थोडा कमी होत राहतो. चांगल्या संचांवर पाच-सहा वर्षांची वॉरंटी असते ती याच हिशेबाने. गळती दुर्मिळ असली तरी ती होतच नाही असे नाही. २०२२ मध्ये आर्क्टिकनेच आपल्या लिक्विड फ्रीझर २ च्या काही संचांत सीलच्या रबरामुळे तांब्यावर परिणाम होऊन गळती होऊ शकते असे जाहीर केले आणि दुरुस्तीचा संच मोफत दिला. अशी जबाबदारी घेणारी कंपनी निवडणे हाही खरेदीचाच भाग आहे. वॉरंटीत संच परत पाठवायची वेळ आली तर तो बहुधा पुण्याला किंवा मुंबईला कुरिअरने जातो, आणि तो परत येईपर्यंत संगणक बंद राहतो. ज्यांचे पोट त्या संगणकावर आहे त्यांनी एक साधा एअर कूलर आणि थर्मल पेस्टची (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायच्या लेपाची) नळी कपाटात ठेवावी.

उद्यमनगरासारख्या भागात धूळ बारीक आणि चिकट असते. ती रेडिएटरच्या दाट पात्यांमध्ये, पंख्याच्या मागच्या बाजूला गोधडीसारखी बसते आणि बाहेरून दिसत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पंखा बोटाने धरून ठेवून ब्लोअर मारावा. पंखा मोकळा सोडून हवा मारली तर तो बेफाम फिरून बेअरिंग खराब होण्याचा धोका असतो.

एक गुण मात्र लिक्विड कूलरच्या पदरात घालायलाच हवा. नॉक्टुआच्या एनएच-डी१५ सारखा मोठा एअर कूलर पंख्यांसह १.३ किलोचा असतो आणि १६५ मिलिमीटर उंच असतो. अनेक कॅबिनेटांत तो मावत नाही, आणि संगणक गाडीत घालून इचलकरंजीला किंवा निपाणीला न्यायचा असेल, तर रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात ते सगळे वजन मदरबोर्डवर हिसका देते. शूटिंगच्या ठिकाणी संगणक घेऊन फिरणाऱ्यांसाठी लिक्विड कूलर या एका कारणानेही योग्य ठरतो. तो बसवून घेताना रेडिएटर शक्यतो कॅबिनेटच्या छताला लावायला सांगावा, म्हणजे आतली हवा रेडिएटरमध्ये वर जमते आणि पंप कायम द्रवात राहतो. आपल्या मदरबोर्डच्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या जागेवर) कूलर घट्ट धरणारा ब्रॅकेट खोक्यात आहे याची दुकानातच खात्री करावी, आणि बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव व सिरियल नंबर लिहून घ्यावा. नुसते ‘लिक्विड कूलर १ नग’ लिहिलेल्या बिलावर तीन वर्षांनी वॉरंटी मागणे फार कठीण जाते.