कोवळे ऊन, दुधाची पिशवी की थेंबांची बाटली?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ६०० आययू (जीवनसत्त्व मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक), म्हणजे १५ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व लागते. ते कुठून मिळवायचे, हे घराला अंगण आहे की नाही यावर बरेच अवलंबून असते.

ऊन फुकट आहे आणि त्यातून ड जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. अडचण आहे ती वेळेची: आजी ज्या कोवळ्या उन्हात नातवंडाला तेल लावून बसवते, त्यात हे जीवनसत्त्व घडवणारे अतिनील-ब किरण फार थोडे असतात. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड पडेल तेव्हाचे, साधारण दहा ते तीनमधले, ऊन उपयोगाचे असते. पण विदर्भातल्या मे महिन्यात त्या वेळी मूल बाहेर नेणे धोक्याचे, तर कोकणातल्या पावसाळ्यात ऊनच दिसत नाही. बंद काचेतून हे किरण आत येत नाहीत, आणि सावळ्या त्वचेला वेळही अधिक लागतो.

आहाराची बेरीज करून पाहावी. ‘+एफ’ खूण असलेल्या, म्हणजे वरून जीवनसत्त्वे मिसळलेल्या (पोषणवर्धित) लिटरभर दुधात २०० ते ३०० आययू असतात. अर्धा लिटर दूध, दोन चमचे पोषणवर्धित तेल आणि एका अंड्याचा बलक एवढे सारे रोज पोटात गेले, तरी निम्मी गरज भागत नाही. आणि दूध याहून वाढवले, तर मूल जेवत नाही व लोह कमी पडते.

म्हणून फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलासाठी मला ड जीवनसत्त्वाचे रोजचे थेंबच अधिक भरवशाचे वाटतात. मात्र डोस बालरोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावा, कारण बाजारात एका मिलिलिटरला ४०० आणि ८०० आययू अशा दोन्ही बाटल्या मिळतात, शिवाय कॅल्शियमच्या सिरपमध्येही बहुधा ड असतेच, तेही हिशेबात धरावे लागते. ६०,००० आययूची पुडी म्हणजे शंभर दिवसांची गरज, ती मोठ्यांच्या औषधांतून उचलून मुलाला देऊ नये. अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता आणि सतत तहान सुरू होते. पाय वाकणे किंवा मनगटे जाड होणे ही मुडदुसाची लक्षणे दिसत असतील, तर मात्र ही निवड घरी करण्याची राहत नाही. तपासणी आणि उपचारांचा डोस दोन्ही डॉक्टरांकडेच.