खराडीचा नदीकाठचा 32 मजली टॉवर: फ्लॅट झकास, तळाचं मात्र नीट विचारून घ्या

फ्लॅटला पाचपैकी साडेचार, इमारतीला तीन आणि सेल्स ऑफिसात मिळणाऱ्या माहितीला जेमतेम दोन. बिल्डरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मी जे लिहितेय ते पुण्याच्या खराडी-मुंढवा पट्ट्यात मुळा-मुठा नदीला लागून उभ्या राहणाऱ्या बहुतेक टॉवरना लागू पडेल. मुलगा आणि सून दोघांची ऑफिसं खराडीत, त्यामुळे घर तिकडेच हवंय. पैशात थोडा वाटा माझाही आहे, म्हणून मीही सोबत. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली. शेवटची वर्षं पावसाळाभर विसर्गाचे, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचे, आकडे लिहून घेण्यात गेली. त्यामुळे लोक फ्लॅट बघायला गेले की वर बघतात, मी आधी खाली बघते.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. सँपल फ्लॅट नव्हे, चोविसाव्या मजल्यावरचा खरा, प्लास्टर झालेला फ्लॅट दाखवला, हे मला आवडलं. तीन बीएचके, रेरा कार्पेट, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतलं क्षेत्र, 1,080 चौरस फूट, आणि हे चौरस फूट वापरात येणारे आहेत. उगाच लांबलचक पॅसेजमध्ये घालवलेले नाहीत. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी, तिथे वॉशिंग मशीन ठेवून कपडे वाळत घालायला जागा उरते. हॉल आणि मास्टर बेडरूममधून वारा आरपार. बाल्कनीत उभं राहिलं की नदीचं वळण, पलीकडे कुंभारांचं केशवनगर आणि त्याच्यामागे परत टॉवरच टॉवर. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला या बाजूला आलं की ऊस, विटभट्ट्या आणि एखाददुसरं कौलारू घर दिसायचं. आता मुंढव्याच्या पुलावरून जाताना दोन्ही काठांनी काचा आणि क्रेन. काहींना ते भकास वाटतं. मला तसं वाटत नाही, पोरांना नोकऱ्या इथे मिळाल्या तर घरंही इथेच होणार.

आता नदीबद्दल. सेल्स ऑफिसात इमारतीचं मॉडेल आहे, त्यात नदी निळीशार, काठावर पांढऱ्या छत्र्या. बाल्कनीतून दिसली ती काळपट हिरवी, अर्धी जलपर्णीने झाकलेली. शेकाटे आणि पाणकावळे हे पक्षी भरपूर, ते बघायला मजा येते. पण शेकाटे घाण पाण्यातही आनंदाने राहतात, त्यावरून पाण्याची परीक्षा करू नये. फेब्रुवारी 2024 मध्ये याच केशवनगर-खराडी भागात नदीवर डासांचे उंचच्या उंच खांब उभे राहिल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरले होते. सुनेने तेच विचारलं, तर सेल्सच्या मुलाकडून उत्तर मिळालं, "चोविसाव्या मजल्यावर डास येत नाहीत, मॅडम." लिफ्टमधून माणसांबरोबर येतात, हे त्याला कोण सांगणार! जाळीच्या खिडक्या स्टँडर्ड पॅकेजमध्ये नाहीत, वेगळे पैसे. नदीकाठच्या इमारतीत हे मला अजिबात पटलं नाही.

मुख्य मुद्दा पुराचा. मी विचारलं, पूररेषा कुठे आहे? सेल्सचा तोच मुलगा हसला, "खडकवासला धरण इथून किती लांब आहे, काकू." हे उत्तर ऐकून मला राहवलं नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून 29 टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपास पाणी मावतं, त्यात खडकवासला जेमतेम 2 टीएमसीचं. वरची धरणं भरून वाहू लागली की खडकवासल्याला पाणी धरून ठेवायला जागाच नसते, सोडावंच लागतं. 25 जुलै 2024 ला पहाटे विसर्ग 35 हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) वर गेला आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंग आणि तळमजले पाण्यात गेले. ती फक्त मुठा नदी. खराडीपर्यंत येईतो संगमावर मुळा मिळालेली असते, आणि मुळेत मुळशीचं आणि पवनेचं पाणी आलेलं असतं. म्हणजे लांब असणं हा इथे फायदा नाही.

मग खाली गेलो. प्लॉटच्या मागच्या पत्र्यापलीकडे काठाला बाभळी आहेत. त्यांच्या फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या आणि वाळलेल्या जलपर्णीच्या दोऱ्या अडकलेल्या होत्या, माझ्या डोक्याच्या चांगल्या वर. पूर कुठवर आला होता हे बघायला यापेक्षा सोपी पट्टी नाही. आम्ही साइटवर गेलो की तेच आधी बघायचो. त्या पिशव्यांच्या रेषेत नजर मागे फिरवली तर बेसमेंटच्या रॅम्पचं तोंड त्याहून फार वर वाटलं नाही. ते अंतर मोजायला टेप लागेल, नुसत्या डोळ्यांवर मी भरवसा ठेवणार नाही. पण सेल्सच्या मुलाला दाखवलं तेव्हा तोही गप्प झाला.

नियम काय आहे तर निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात जोतं (इमारतीचा चौथरा) लाल रेषेच्या वर ठेवून परवानगी मिळते. तेव्हा इमारत कायदेशीर असेलही, मला त्याबद्दल शंका नाही. चोविसाव्या मजल्यावर पाणी येणार नाही हेही कबूल. पण मीटर रूम, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी आणि पंप, हे सगळं कुठे आहे? ते बुडालं की लिफ्ट बंद, नळ बंद, आणि वरचा माणूस 24 मजले जिन्याने. तळमजल्यावरच्यापेक्षा त्याचेच हाल जास्त. सेल्सच्या मुलाला हे माहीतच नव्हतं. त्याने साइट इंजिनिअरला बोलावलं, तो मात्र सरळ माणूस निघाला. मीटर रूम पोडियमवर, म्हणजे तळाच्या वरच्या चौथऱ्यावर आहे, जनरेटर तळाला, टाकी आणि पंप बेसमेंटला, असं त्याने नकाशा उघडून दाखवलं. टाकीचं झाकण वॉटरटाइट आहे का, यावर "बघून सांगतो".

किमतीचं थोडक्यात: दोन कोटींच्या आत-बाहेर, वर 5 टक्के जीएसटी. मजल्यागणिक वाढणारा दर, म्हणजे फ्लोअर राइज, आणि नदीकडच्या फ्लॅटला वेगळा जादा दर. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, ते सेल्सवाल्यांनी आपणहून सांगितलं, शाबास. पाण्याच्या टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय का, हे मात्र खोदून खोदून विचारावं लागलं. धरलेला नाही. शिवाय ब्रोशरमध्ये "स्काय डेक" म्हणून झोपाळ्यांसकट रंगवलेली जागा नकाशावर रेफ्युज एरिया निघाली. आग लागली तर माणसांनी थांबायची जागा ती, तिथे झोपाळे कशाला?

माझ्या मुलाचं मत अजून फ्लॅटच्या बाजूने आहे. सून म्हणते बाराव्या मजल्याच्या वर नको, जिना चढता आला पाहिजे. मला तिचं पटतं. पूररेषेचा नकाशा, जोत्याची पातळी आणि जनरेटर वर हलवणार का, हे तीन मुद्दे आम्ही लेखी मागितलेत. पहिल्याचं उत्तर आलं, शिक्क्यासकट, आणि प्लॉट निळ्या रेषेच्या बाहेर आहे. उरलेल्या दोन्हींच्या उत्तरांची वाट बघतोय, तोवर बुकिंग नाही.

तुम्ही बघायला जाणार असाल तर मार्चमध्ये संध्याकाळी जा आणि बाल्कनीचं दार उघडून दहा मिनिटं नुसते उभे राहा, वासाचा आणि डासांचा निकाल तिथेच लागेल. दुसऱ्यांदा जायचं ते खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की. सेल्स ऑफिस त्या दिवशीही चालू असतं, फक्त मागच्या पत्र्यापर्यंत न्यायला सांगा.