लॅमिंग्टन रोडचं बिनपाटीचं दुकान आणि माझा पोट फुगलेला लॅपटॉप

लॅपटॉप दुरुस्तीच्या या दुकानाला चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

माझा लॅपटॉप म्हणजे २०१२चा १३ इंची मॅकबुक प्रो, तोच डीव्हीडी ड्राइव्हवाला, दादाने अमेरिकेतून येताना स्वतःचा जुना मला आणून दिलेला. अजून कशाला वापरतेस हे सगळे विचारून झालेत. मी डोंबिवलीत घरून डीटीपीची कामं घेते, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कधी दिवाळी अंकाची पानं, आणि पानं लावायचं माझं सॉफ्टवेअर, इनडिझाइन सीएस६, एकदाच पैसे भरून घेतलेलं आहे, महिन्याचं भाडं नाही. ते ३२ बिटचं, म्हणजे जुन्या पद्धतीचं, आणि ॲपलने मॅकच्या कॅटालिना या सिस्टिमपासून ३२ बिटची सॉफ्टवेअरं बंद केली, म्हणून मशीन तिच्या आधीच्या मोहावेवरच ठेवलंय आणि मला तरी त्याने काही कमी पडत नाही.

तर एका सकाळी क्लिक होईना. कर्सर मस्त फिरतोय, पण ट्रॅकपॅड दाबला तर ढिम्म. यूएसबी माऊस लावला, त्याचंही क्लिक नाही!! शेजारच्यांचा माऊस आणून लावला, तोही तसाच. मधूनच काय व्हायचं, मी काही न दाबता नुसता कर्सर सरकवला की डेस्कटॉपवर निवडीचा चौकोन आपोआप ओढला जायचा आणि मी म्हणायचे व्हायरसच शिरला. कीबोर्ड चालत होता म्हणून कमांड-एसने उघडी पत्रिका तरी सेव्ह झाली, कमांड-स्पेस मारून फाइल शोधून पेनड्राइव्हवर कशीबशी टाकली, पण क्लिकशिवाय पान लावणं म्हणजे हात बांधून पोळ्या लाटणं.

भाच्याला फोन केला. "मावशी, रिस्टार्ट केलास का?" केला बाबा, चार वेळा. मग त्याच्या सांगण्यावरून शिफ्ट दाबून सेफ मोड, मग ते एसएमसी रिसेट, मग कमांड-ऑप्शन-पी-आर, असे बटणं दाबून करायचे सगळे रिसेट झाले, बोटं वाकडी झाली, फरक शून्य.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या एका चकाचक एसी सर्व्हिस सेंटरला गेले (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको). मशीन उघडलंसुद्धा नाही, वरूनच बघून म्हणाले ट्रॅकपॅड, कीबोर्ड आणि वरचं अख्खं पॅनल बदलावं लागेल, चौदा हजार, नाहीतर मदरबोर्ड असू शकतो. तपासणी फी पाचशे घेतली ती वेगळीच. कसली तपासणी देव जाणे.

शेवटी ओळखीच्या प्रेसवाल्यांनी लॅमिंग्टन रोडचं हे दुकान सांगितलं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, जुन्या बिल्डिंगीचा दुसरा मजला, लाकडी जिना, लिफ्ट नाही, पाटीही नाही. नाव इथे टाकू का विचारलं तर मालकच नको म्हणाले, आधीच हाताखाली माणूस पुरत नाही. म्हणून शोधायला थोडा त्रास पडेल, प्रेसच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

आता खरी गंमत. त्यांनी लॅपटॉप चालूच केला नाही. झाकण मिटून काचेच्या टेबलावर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं, तर तो डगमगला! घरी मी मऊ कव्हरवर ठेवून काम करते, मला कधी कळलंच नाही. मग विचारलं, "ताई, चालू करताना डीव्हीडी ड्राइव्ह कुरकुरतो का?" मी थक्क. रोज कुरकुरायचा की, मी म्हटलं म्हातारपण. तर मॅक सुरू होताना माऊसचं किंवा ट्रॅकपॅडचं बटण दाबून धरलं की तो आतली सीडी बाहेर ढकलायला बघतो, जुनी सोय आहे म्हणे. म्हणजे माझं बटण कायमच दाबलेलं होतं. "दुखणं माऊसचं नाही ताई, पोटाचं आहे."

मागचे दहा स्क्रू काढले आणि बघते तर बॅटरी उशीसारखी फुगलेली. या मॉडेलमध्ये बॅटरी ट्रॅकपॅडला अगदी खेटून असते, आत गॅस धरून ती फुगली की खालून ट्रॅकपॅडवर दाब येतो आणि बटण दाबलेलंच राहतं. कॉम्प्युटरला वाटतं डावं क्लिक कुणीतरी धरून ठेवलंय, मग बाहेरच्या माऊसने कितीही टकटक करा, त्याच्या लेखी बटण आधीच खाली आहे, नवीन क्लिक कुठून मोजणार? आणि मी माऊस बदलत बसले, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. बॅटरी दोन वर्षांपूर्वी मीच ऑनलाइन स्वस्तातली घेतली होती, त्यामुळे बोलायलाही तोंड नाही.

मला आवडलं ते हे की नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. बॅटरी पूर्ण काढली, नुसत्या अडॅप्टरवर मशीन लावलं (बॅटरीशिवाय हा मॅक चालतो पण रखडत चालतो) आणि म्हणाले, करा क्लिक. टक! इतका गोड आवाज आयुष्यात ऐकला नसेल. मग ट्रॅकपॅडखाली एक बारीकसा स्क्रू असतो तो थोडा फिरवून दाब नीट बसवला. नवीन बॅटरी (या मॉडेलची, ए१३२२ नंबरची) आणि मजुरी मिळून चार हजार दोनशे, सहा महिन्यांची वॉरंटी, दीड तासात हातात. फुगलेली बॅटरी मला परत दिली नाही, वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. टोचायची नाही, दाबून सपाट करायची नाही, घरच्या कचऱ्यात तर अजिबात टाकायची नाही, पेट घेते म्हणाले.

जाता जाता एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवा. माझ्या मोहावेत सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात माऊस अँड ट्रॅकपॅड, तिथे बाहेरचा माऊस असेल तर आतला ट्रॅकपॅड सोडून द्यायचा पर्याय असतो. तो टिक केलेला असता तर माझं त्या दिवशीचं काम माऊसवर निभावलं असतं. पण टिक आजच करा, क्लिक गेल्यावर टिक कशाने करणार! विंडोजवाल्यांना बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसमधून (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमधून) टचपॅड बंद करता येतो, ते कीबोर्डवरच होतं. अर्थात बॅटरी फुगली असेल तर तेवढ्यावर भागवत बसू नका.

आता कापलेला स्टार. बिल म्हणजे हाताने लिहिलेली चिठ्ठी, जीएसटी नंबर नाही, वॉरंटीही त्याच चिठ्ठीवर पेनाने. फोन उचलत नाहीत. बसायला एकच स्टूल आणि त्यावर कुणाचातरी प्रिंटर. दोन ते तीन जेवणाची सुट्टी, मी नेमकी दोनला पोचले आणि तासभर जिन्यात उभी.

रविवारी जाऊ नका, तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. आणि अडॅप्टर आठवणीने सोबत न्या, बॅटरी काढून बघायला तोच लागतो. माझा पर्समध्ये चुकून राहिला होता म्हणून, नाहीतर परत डोंबिवली.