जुन्या पिकअपसाठीचा पाटे आणि किंगपिनचा संच : घरी चासी उघडून बसवल्यानंतरचे परीक्षण

पुढे एकसंध आय-बीम ॲक्सल आणि चारही कोपऱ्यांवर पाटे (पोलादी पानांच्या थप्पीच्या स्प्रिंगा) असलेल्या जुन्या पिकअपच्या सस्पेन्शनमधील झिजणारे बहुतेक सगळे भाग एकाच खोक्यात देणारा हा संच मी गेल्या वर्षी मागवला, घरच्या शेडमध्ये स्वतः बसवला आणि त्यानंतर गाडी सुमारे चार हजार किलोमीटर चालवली. संचात किंगपिनची (पुढची चाके ज्यांच्याभोवती वळतात त्या उभ्या पिनांची) जोडी, त्यांचे ब्राँझचे चार बुश (पिन ज्यांत फिरते त्या नळ्या), वजन पेलणारे थ्रस्ट बेअरिंग, शिम (मोकळीक भरणाऱ्या पातळ चकत्या), लॉक पिना, पाट्यांच्या डोळ्यांतले (टोकाच्या गोल कड्यांतले) बुश, शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) आणि त्यांच्या पिना, पाटे ॲक्सलला आवळणारे आठ यू-बोल्ट, पाट्याची पाने मधोमध जोडणारे चार सेंटर बोल्ट आणि चार शॉक ॲब्सॉर्बर येतात. माझे मत आधीच सांगतो : यातले पोलादी काम उत्तम आहे, रबरी काम मध्यम आहे आणि सोबतची माहितीपत्रिका इतकी अपुरी आहे की केवळ तिच्यावर विसंबून काम केले, तर नवे कोरे भाग लावूनही गाडी धोकादायक राहू शकते.

असा संच कोणत्या गाड्यांना उपयोगी पडतो, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. शेव्हरोलेने आपल्या हलक्या पिकअपला १९६० साली पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिले आणि फोर्डने १९६५ साली एका बीमच्या जागी दोन बीमची मांडणी आणली. त्याआधीच्या या वर्गातील गाड्यांमध्ये मात्र शिडीसारखी रिव्हेट मारलेली चासी, तिच्याखाली पाटे आणि पाट्यांना यू-बोल्टने आवळलेला ॲक्सल, अशी साधी आणि दणकट रचना सर्रास असे. माझी गाडी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातली, अर्ध्या टनाची आहे. ही रचना घरी उघडता येते, समजते आणि दुरुस्त करता येते, म्हणूनच मला तिच्याविषयी इतकी आपुलकी वाटते. येथे प्रत्येक भागाचे काम डोळ्यांना दिसते आणि कोणता भाग कशामुळे झिजला, हे हाताने चाचपून कळते.

माहितीपत्रिकेविषयीची माझी पहिली तक्रार तिच्या पहिल्याच ओळीपासून सुरू होते. ‘जुने बुश काढा’ या सूचनेने ती उघडते, म्हणजे चासी सरळ आहे हे तिने गृहीतच धरले आहे. सत्तर वर्षे ओझे वाहिलेल्या चासीबाबत असे काहीही गृहीत धरता येत नाही. मी गाडी सपाट फरशीवर चार भक्कम घोड्यांवर घेतली (अशा वजनाखाली केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही शिरू नये), पाट्यांच्या चारही हँगरच्या (पाटे ज्यांना जोडलेले असतात त्या चासीवरच्या आधारांच्या) पिनांवरून ओळंबा सोडला, फरशीवर खडूने खुणा केल्या आणि त्या खुणांमधले दोन्ही कर्ण मोजले. कर्णांमधला फरक एका सुताच्या (सुमारे तीन मिलिमीटरच्या) आत असता, तर मी समाधानी झालो असतो. तो अकरा मिलिमीटर निघाला. कारण शोधायला वेळ लागला नाही. मागच्या आडव्या पट्टीचे चार रिव्हेट सैल झाले होते आणि प्रत्येक रिव्हेटच्या डोक्याभोवती तपकिरी भुकटीचे कडे दिसत होते. दोन पत्रे एकमेकांवर घासत राहिले की जी बारीक गंजभुकटी बाहेर येते, तीच ही.

तापवून मारलेला रिव्हेट ठोकताना फुगतो आणि भोक पूर्ण भरून टाकतो. बोल्ट मात्र असे करत नाही. त्यामुळे रिव्हेटच्या जागी बोल्ट घालायचा असेल तर भोक रीमरने (भोक नेमक्या मापाला कापणाऱ्या हत्याराने) गोल करून, आटे नसलेल्या दांड्याचा बोल्ट त्यात अगदी नेमका बसेल असे करावे लागते, नाहीतर काही महिन्यांत तीच घासाघीस पुन्हा सुरू होते. मी डोक्यावर सहा रेघा असलेले ग्रेड ८ चे बोल्ट वापरले, पण येथे बोल्टच्या ताकदीपेक्षा भोकाच्या नेमकेपणाला जास्त महत्त्व आहे. पट्टी सैल करून, एका कोपऱ्यात साखळी-ताण लावून चासी ओढली आणि कर्ण दोन मिलिमीटरच्या फरकावर आल्यानंतरच बोल्ट आवळले. हे सारे संचाच्या परीक्षणात सांगण्याचे कारण असे की, तिरक्या चासीवर जगातला सर्वोत्तम बुशही तिरकाच बसतो, आणि मग ग्राहक दोष बुशाला देतो.

आता संचाच्या सर्वांत मोलाच्या भागाकडे, म्हणजे किंगपिनकडे वळतो. पिनांचे ग्राइंडिंग देखणे आहे. मायक्रोमीटरने दोन्ही पिना तीन-तीन ठिकाणी मोजल्या, तेव्हा मापात फरक आढळला नाही. लॉक पिनेसाठीची खाचही योग्य खोलीची होती. थ्रस्ट बेअरिंग मजबूत आहे आणि त्याचे झाकण वरच्या बाजूला ठेवून बसवले की पाणी आत शिरत नाही. ब्राँझचे बुश मात्र आतून मुद्दाम कमी मापाचे दिलेले असतात, कारण ते स्टब ॲक्सलमध्ये (चाक ज्यावर बसते आणि जो किंगपिनभोवती वळतो त्या भागात) प्रेसने बसवल्यानंतर वरचा आणि खालचा असे दोन्ही बुश एकाच रेषेत रीमरने कापायचे असतात. या गोष्टीचा पत्रिकेत उल्लेखसुद्धा नाही. ज्याला हे ठाऊक नाही, तो पिन बुशात जात नाही म्हणून ती हातोड्याने ठोकेल, किंवा प्रत्येक बुश वेगवेगळा घासून काढेल. दोन्हींचा परिणाम एकच : स्टीअरिंग जड होते आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. यासाठी पुढे मार्गदर्शक दांडा असलेला लांब रीमर लागतो. तो नसेल तर स्टब ॲक्सल घेऊन मशीन शॉपमध्ये जावे, त्यात कमीपणा मानू नये. पिन आणि बुश यांच्यात एक-दोन थाऊची (इंचाच्या हजाराव्या भागाची) मोकळीक राहिली, तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकू लागली, की काम बरोबर झाले असे समजावे.

याच ठिकाणी मला या संचातला सर्वांत गंभीर दोष सापडला. डाव्या बाजूचा वरचा बुश बसवून झाल्यावर, रीमर फिरवण्यापूर्वी सवयीप्रमाणे मी ग्रीस गन लावून पाहिली. पहिल्या दोन झटक्यांनंतर दांडा घट्ट झाला आणि ग्रीस निपलच्या (ग्रीस भरण्याच्या तोंडाच्या) कडेने बाहेर येऊ लागले. बुशाच्या आतल्या खाचेत एक थेंबही उतरला नाही. निपल काढून टॉर्चच्या उजेडात भोकात पाहिले, तर पूर्ण गोल भोकाऐवजी नखाच्या टोकावर दिसते तेवढी चंद्रकोर दिसत होती आणि बाकी सगळा भाग ब्राँझने झाकला होता. बुशाचे भोक काही मिलिमीटर खाली पाडले गेले होते. उरलेले तीन बुश तपासले. ते बरोबर होते. मी निपलच्या भोकातूनच बारीक ड्रिल घालून बुशाला नवे भोक पाडले, कचरा पूर्ण झाडून काढला आणि त्यानंतर रीमर फिरवल्यामुळे भोकाच्या आतल्या कडेची पोलादासारखी टोचणारी किनारही निघून गेली. ही तपासणी मी केली नसती तर काय झाले असते? बाहेरून निपल व्यवस्थित दिसला असता, दर सर्व्हिसला ग्रीस भरल्यासारखे वाटले असते आणि तो एक बुश पहिल्या दिवसापासून कोरडा घासत राहिला असता. म्हणून माझी विनंती आहे की, हा संच घेणाऱ्याने बुश प्रेसखाली ठेवण्यापूर्वी त्याचे भोक आणि स्टब ॲक्सलचे भोक एका बारीक तारेने जुळवून पाहावे.

मागच्या पाट्यांच्या डोळ्यांसाठी रबर किंवा पॉलियुरेथेन अशी निवड मिळते. मी विचारपूर्वक रबर घेतले. पॉलियुरेथेन टिकाऊ असते, तेलाने लवकर खराब होत नाही, पण ते कडक असते, कोरडे पडले की कुरकुरते आणि एक चाक खड्ड्यात गेल्यावर ॲक्सल तिरका होतो तेव्हा शॅकलला जो पीळ बसतो, तो रबराइतक्या सहजपणे पचवत नाही. न पचलेला पीळ शेवटी हँगरवर आणि त्याच्या रिव्हेटांवर जातो. नव्या चासीला हे चालेल. जुन्या रिव्हेटांवर मी तो भार टाकू इच्छित नव्हतो.

रबरी बुशाबाबत पत्रिकेतली चूक मात्र अक्षम्य आहे. सर्व नट क्रमाने पूर्ण आवळावेत, एवढेच तिच्यात लिहिले आहे. आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नसतो; रबर स्वतः पिळले जाते आणि परत येते, हीच त्याची हालचाल. ॲक्सल हवेत लोंबकळत असताना नट आवळले, तर गाडी चाकांवर उतरताच ते रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. म्हणून नट प्रथम हाताने घट्ट करावेत, गाडी चाकांवर उतरवावी, ती थोडी पुढे-मागे ढकलून पाटे आपल्या जागी बसू द्यावेत आणि मगच टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराला ‘टक’ करणाऱ्या पान्याने) आवळावेत. मी असेच केले, तरीही चार हजार किलोमीटरनंतर डाव्या शॅकलच्या बुशाच्या कडेला बारीक भेगा दिसू लागल्या आहेत. त्यावरून रबराचा दर्जा पोलादाच्या तोडीचा नाही, असे मला म्हणावे लागते.

यू-बोल्ट नवे मिळतात ही या संचाची मोठी जमेची बाजू आहे, कारण एकदा ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरणे चुकीचे आहे. पण येथे एक धोका लपलेला आहे. माझ्या उजव्या पुढच्या पाट्यातले एक पान पूर्वीच्या कोणा मालकाने काढून टाकले होते. त्यामुळे पानांचा जुडगा पातळ झाला होता, आणि नट आटे संपण्याच्या जागी जाऊन अडकला. टॉर्क पाना समाधानाने ‘टक’ करतो, हाताला सारे घट्ट लागते, पण पाटा प्रत्यक्षात आवळलेलाच नसतो. अशा सैल पाट्यावरचा सगळा भार मग एकट्या सेंटर बोल्टवर येतो, आणि तो तुटला की ॲक्सल जागा सोडतो. मी हरवलेले पान पुन्हा घातले तेव्हा नट योग्य जागी आला. पान आणि ॲक्सलची बैठक जेथे एकमेकांना टेकतात तेथे रंगाचा जाड थर देऊ नये, हेही लक्षात ठेवावे. तो थर दबत जातो आणि तेवढी आवळण सुटते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर मी आठही यू-बोल्ट तपासले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक नट थोडा फिरला. पुढच्या तपासणीत एकही हलला नाही.

शॉक ॲब्सॉर्बर ठीक आहेत. अनेक पानांच्या पाट्यात पानांच्या आपापसातल्या घर्षणानेच बरेचसे हेलकावे शमतात, त्यामुळे येथे फार महागड्या शॉकची गरज नाही.

संचात कॅस्टरच्या (किंगपिनचा मागचा कल जुळवणाऱ्या) पाचरी नाहीत आणि त्या असायला हव्या होत्या. सगळे जोडून झाल्यावर गाडी सरळ रस्त्यावर भरकटत होती. टो-इन (पुढच्या चाकांची टोके आतल्या बाजूला किती वळली आहेत ते माप) तपासले, ते योग्य होते; मग लक्षात आले की पुढचे पाटे बसल्यामुळे ॲक्सल पुढे झुकला आहे आणि किंगपिनला मागे जो कल हवा, तो जवळपास उरलेला नाही. पाटा ॲक्सलच्या वर असलेल्या माझ्या गाडीत दोन अंशांच्या पाचरी जाड टोक मागे ठेवून घातल्या, त्यामुळे ॲक्सलची मागची कड खाली गेली आणि किंगपिनचा वरचा भाग मागे कलला. त्यानंतर वळण घेऊन हात सैल सोडला की स्टीअरिंग आपोआप सरळ येऊ लागले. त्या क्षणी मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

स्वतःची मापे घेण्याची तयारी असलेल्या आणि रीमरची सोय असलेल्या व्यक्तीने हा संच जरूर घ्यावा. पहिल्यांदाच सस्पेन्शन उघडणाऱ्याने तो घेण्यापूर्वी आपल्या गाडीचे मूळ दुरुस्ती-पुस्तक मिळवावे, कारण सोबतची पत्रिका त्याची जागा घेऊ शकत नाही. मागणी नोंदवताना पाट्याची रुंदी, पानांची संख्या, जुडग्याची एकूण जाडी आणि ॲक्सलच्या बैठकीची रुंदी चारही कोपऱ्यांवर स्वतंत्रपणे मोजून कळवावी. मागणीच्या अर्जात गाडीचे वर्ष आणि मॉडेल एवढेच विचारले जाते, म्हणून ही मापे आपण होऊन वेगळ्या ओळीत लिहावीत.